आधी मिशी उमटली

कोपरीच्या मिठागरांवर वैशाखातली दुपार उतरत नाही; ती साचते. पाणी चौकोनाचौकोनांत निजते, त्याच्यावर मिठाची साय धरते, आणि आकाश आपलेच पांढरेपण खाली पसरलेले पाहून डोळे मिटून घेते. एवढ्या उजेडात जन्म काढलेल्या माणसाला कधीतरी अंधाराची तहान लागावी, हे समजण्यासारखे आहे. गोविंदाच्या पंढरीला मात्र ती लागली आंबिवलीच्या एका मुलीमुळे, आणि त्या मुलीने घातलेल्या अटीमुळे.

तिचे नाव शालू. गेल्या फाल्गुनात आंबिवलीला एका लग्नात त्याने तिला पाहिले होते. मांडवात एक बोकड शिरला होता आणि नवरदेवाच्या मुंडावळ्या त्याने शांतपणे चघळायला घेतल्या होत्या. हा शकुन की अपशकुन, यावर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची चर्चा सुरू झाली. ती रंगत गेली, आणि मुंडावळ्या कमी कमी होत गेल्या. तेवढ्यात ही मुलगी उठली, बोकडाचा कान धरून त्याला मांडवाबाहेर सोडून आली, उरलेल्या मुंडावळ्या पदराला पुसल्या आणि नवरदेवाच्या हातात देऊन पुन्हा जागेवर बसली. कोणाशी एक शब्द बोलली नाही. पंढरी त्या रात्री जेवला नाही. रेल्वेपलीकडची जमीन विकल्यापासून त्याच्या घरात करण्यासारखे काम थोडे आणि विचार करण्यासारखे पुष्कळ होते. त्यात आता ही एक निःशब्द मुलगी येऊन बसली, आणि बाकीचे सगळे विचार तिला जागा करून देत भिंतीला टेकले.

मागणी घेऊन गेली त्याची आत्या, ठमाबाई. ठमाबाई पंचक्रोशीतली मानाची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात इतर विधी कोणीही करो, लग्न लागते ते धवलारणीच्या गळ्यातून. ती धवला गाते, एकेका देवाला आणि एकेका पूर्वजाला नावाने बोलावते, आणि ते सगळे येऊन बसले की मग कुठे नवरानवरीला नवरानवरी म्हणायचे. असल्या बाईला नाही म्हणणे कठीण. शालूच्या बापानेही म्हटले नाही. काळुराम त्याचे नाव; सावध माणूस. तो एवढेच म्हणाला, "पोरीला इचारा. टिटवाल्याचा एक गिरनीवाला पन थांबलाय, पन तिचा कायतरी वेगलाच चाललाय."

शालूचे वेगळे चालले होते त्याला कारण होते. मागच्या वर्षी एका स्थळाचा फोटो आला होता: कोट, टाय, हातात जाड पुस्तक, आणि ओठावर तलवारीसारखी मिशी. फोटोमागून माणूस आला तेव्हा कोट स्टुडिओत राहिला होता, पुस्तकही तिथेच राहिले होते, आणि मिशी तर नव्हतीच. ती स्टुडिओवाल्याने निगेटिव्हच्या काचेवर शिसपेन्सिलीने काढली होती. तेव्हापासून शालूने ठरवले होते की आयता फोटो बघायचा नाही.

"आमचा पंढऱ्या सोताचा फोटो सोताच कारतो," ठमाबाई म्हणाली. हे तिने अभिमानाने म्हटले. खोटे बोलावे असा तिचा हेतू नव्हता. पंढरीकडे कल्याणच्या बाजारातून घेतलेला एक जुना डबा-कॅमेरा होता हे खरे. त्या कॅमेऱ्यात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते आणि ते मोडवत नव्हते म्हणून त्याने आजवर एकही फोटो काढला नव्हता, हे तिला ठाऊक नव्हते.

"मंग माज्या डोल्यासमोर कारा," आतून शालू म्हणाली. "कोरा कागद पान्यात टाका, आनि मानूस माज्यासमोर वर येऊ दे. कोट नको, बूक नको."

काळुरामाने मान हलवली. पुढच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी मुलाचे घर बघायला येऊ, असे ठरले. मुलगी स्वतः मुलाच्या घरी येते, ही गोष्ट कोपरीने ऐकलेली नव्हती. म्हणून मुलगी येणार नाही, तिची मावशी हौसाबाई येणार आहे, आणि मुलगी फक्त मावशीला सोबत म्हणून येणार आहे, असेही ठरले.

ठमाबाईने घरी येऊन हे सांगितले तेव्हा पंढरी उठला, कॅमेरा उघडला, आणि कुंभारीण माशीची क्षमा मागितली.

*

ठाण्याच्या तलावाजवळ सिडनी परेराचा स्टुडिओ होता. सिडनीमास्तर रविवारी ख्रिस्ती देवळात व्हायोलिन वाजवत आणि उरलेले सहा दिवस माणसांना हनुवटी वर करायला सांगत. उंच, वाकलेले, बोटांची टोके औषधांनी तपकिरी झालेली. काळोखातून नुकतेच बाहेर आल्यासारखे ते नेहमी डोळे मिचकावत, आणि बहुधा ते खरोखरच नुकतेच बाहेर आलेले असत. पंढरीची हकिगत त्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

"बोकडाचा कान धरला? सगळ्यांसमोर?"

"हो, मास्तर."

"अशा पोरीला खोटा फोटो दाखवू नये," ते म्हणाले. "चल, आत ये. दार लाव. अजून लाव. उजेड हा पाहुण्यासारखा असतो, फट दिसली की जेवायलाच बसतो."

त्या खोलीत पंढरीने पहिल्यांदा एका कोऱ्या कागदावर माणूस उगवताना पाहिला. कृती ऐकायला सोपी होती. निगेटिव्ह आणि कागद काचेच्या चौकटीत एकावर एक दाबायचे. कागदाला बाधत नाही तो लाल दिवा बाजूला करून क्षणभर पांढरा उजेड दाखवायचा. मग तो कागद, दिसायला अजून कोराच, डेव्हलपरच्या थाळीत सोडायचा आणि थांबायचे. आधी काहीच होत नाही. मग कागदाला काहीतरी आठवल्यासारखे होते. जिथे काळे असायचे तिथे सावली गोळा होते, सावलीला कडा येतात, आणि एक अनोळखी चेहरा तळातून वर येऊन आपल्याकडे पाहू लागतो. नेमका भरला की त्याला उचलायचे, मधल्या थाळीतल्या पाण्यात एकदा बुचकळायचे आणि तिसऱ्या थाळीतल्या हायपोत निजवायचे. हायपो म्हणजे चित्राला 'आता पुरे' म्हणणारे पाणी. तोवर चित्र थांबत नाही; काळे होत राहते, आणि सोडून दिले तर रात्रच होते त्याची.

"म्हणजे सगळा खेळ उचलण्याचा," पंढरी म्हणाला. "किती वेळाने उचलायचं?"

"सहा नमो मारिया."

"घड्याळ नाही?"

"होतं. डेव्हलपरमध्ये पडलं. तेव्हापासून मी प्रार्थनेवरच आहे." मास्तर गंभीरपणे म्हणाले, "आकडे मोजताना माणूस घाई करतो, बाबा. देवाचं नाव घेताना एवढी घाई करत नाही."

"करतो," पलीकडच्या स्वयंपाकघरातून त्यांची बायको व्हेरोनिका म्हणाली. "ज्या गिऱ्हाइकाचा राग असेल ना, त्याच्या वेळेला हा भरभर म्हणून टाकतो. तो जाडा वकील बघ शोकेसमधला. पिठात बुडवून काढल्यासारखा दिसतो."

"आणि ज्याला ही प्रार्थना येत नाही, त्याने काय करायचं?" पंढरीने विचारले.

"त्याने स्वतःचं काहीतरी शोधायचं," मास्तर म्हणाले. "शेवटाला 'आमेन' म्हणता आलं पाहिजे, एवढंच. मग ते कोणत्याही भाषेत म्हण."

*

घरात भाताच्या कणगीची खोली होती. तिला खिडकी नव्हती आणि उंदरांखेरीज तिच्यात कोणी राहत नव्हते. पंढरीने तिथे तीन एनॅमलच्या थाळ्या मांडल्या आणि कंदिलाला देवीच्या ओटीतला लाल खण गुंडाळला. त्यामुळे ठमाबाई आत येताना प्रत्येक वेळी कंदिलाला हात जोडू लागली.

मग वेळेचा शोध सुरू झाला. पहिल्यांदा त्याने पाढे म्हणून पाहिले. पण एकोणतीसच्या पाढ्यात तो अडखळे, आणि जितका अडखळे तितकी मास्तरांनी सरावाला दिलेल्या निगेटिव्हांतली माणसे काळी निघत. मग आरती म्हणून पाहिली. आरती वेळेला चांगली होती, फक्त ती म्हणताना हात आपोआप टाळ्यांसाठी उठत, आणि डेव्हलपरचे शिंतोडे कणगीवर, कंदिलावर आणि एकदा डोळ्यात उडाले. मनातल्या मनात नुसते थांबून पाहिले तेव्हा शालू आठवली, आणि कागद कोळशासारखा झाला.

निगेटिव्हचेही दुःख होते. स्वतःचा फोटो म्हटल्यावर कॅमेऱ्याची कळ दुसऱ्या कोणीतरी दाबायला हवी, आणि घरात दुसरा म्हणजे बाप. गोविंदाने आयुष्यभर मिठावर फावडे मारले होते; तो कळही अंगाचा भार टाकून दाबी, आणि कॅमेरा नमस्कारासाठी वाकल्यासारखा खाली जाई. धुऊन आलेल्या फिल्मवर पंढरीचे पाय होते, पंढरीचे पोट होते, मिठागराचा बांध होता आणि एका ठिकाणी नुसता बांधच होता. डोके असलेली निगेटिव्ह एकच निघाली. तिच्यात तो बांधावर उभा होता, मागे मिठाचा ढीग, अंगात साधा सदरा, ओठावर स्वतःची मिशी. गोविंदाला त्या वेळी शिंक आली होती म्हणून कॅमेरा वर उचलला गेला होता.

ठमाबाई हे सगळे दाराबाहेर बसून, सुके बोंबील निवडत, ऐकत होती. एके दिवशी ती बोलली.

"पंढऱ्या, तुला किती येल थांबाचा हाय?"

"मास्तरांच्या सहा प्रार्थना, आत्या."

"म्हनजे किती? कोलंबी शिजती तितका?"

"त्याच्यापेक्षा कमी."

तिने जरा विचार केला, घसा साफ केला आणि बोंबील निवडणे न थांबवता धवल्याचे पहिले कडवे म्हटले, गावदेवीला आणि गणपतीला बोलावण्याचे. तिचा गळा जुन्या तांब्याच्या हंड्यासारखा होता, आत काहीतरी कायम घुमत असलेला. लय इतकी संथ की एकेका देवाला यायला नि बसायला पुरेसा वेळ मिळावा. कडवे संपले, पंढरीने कागद उचलला, हायपोत टाकला आणि थोड्या वेळाने बाहेर आणून पाहिला. बांध बांधासारखा होता. मीठ पांढरे होते. चेहरा चेहऱ्याच्या रंगाचा होता.

"आत्या," तो म्हणाला, "तू माझं घड्याळ."

"घराल-बिराल मना बोलू नको," ठमाबाई म्हणाली. पण ती खूश झाली होती.

मात्र तिने एक गोष्ट बजावली. नवरानवरी समोर नसताना धवला म्हटला तर तो नुसता घसा खाकरणे; एक कडवे म्हणून थांबले तरी चालते. पण दोघे समोर असताना धवला सुरू झाला, तर तो मध्येच सोडता येत नाही. बोलावलेले देव उंबऱ्यावर उभे राहतात, पूर्वज अर्ध्या वाटेत ताटकळतात, आणि मग त्या संसाराला कोणी धड बसू देत नाही.

"समजलं," पंढरी म्हणाला. त्याचे लक्ष फोटोकडे होते.

*

रविवारी आंबिवलीची मंडळी आली. काळुराम पुढे, मागे हौसाबाई, आणि हौसाबाईच्या मागे, केवळ तिची सोबत म्हणून, शालू. तिने हिरवे लुगडे नेसले होते, आणि त्या पांढऱ्या अंगणात ती अशी उभी राहिली की पंढरीला दुसरीकडे पाहण्यासाठी दुसरीकडे काहीच उरले नाही. सिडनीमास्तरही आले होते; शिष्याची परीक्षा होती. ते जाकीट घालून आले होते आणि घाम पुसत होते.

चहा झाला. ओसरीवर कागदांचे पाकीट ठेवले होते, मास्तरांनी दिलेले, अजून न फोडलेले. काळुरामाची नजर त्याच्यावर गेली.

"याच्यातच फोटो निंगतो?"

"हो," पंढरी म्हणाला. "कोऱ्या कागदावर."

पंढरी पाणी आणायला विहिरीवर गेला. तो परतला तेव्हा काळुराम ओसरीच्या पायरीवर, भर उन्हात बसला होता. पाकीट फोडलेले होते. एकेक कागद काढून तो पुढून बघत होता, मागून बघत होता, उजेडाकडे धरून आरपार बघत होता, आणि पाहून झालेला कागद हौसाबाईकडे देत होता. ती तो मांडीवर नीट रचत होती.

"कोरे हायत," काळुरामाने प्रामाणिक समाधानाने जाहीर केले. "सगले कोरे. आदीच कारून ठेवलेला एक पन नाय. मागल्या टायमाला फसलो, म्हनून बगून घेतला."

सिडनीमास्तर ओसरीच्या खांबाला धरून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. त्यात प्रार्थना किती आणि दुसरे काय किती, हे कळायला मार्ग नव्हता. उजेड प्यायलेला कागद पाण्यात टाकला की काळा होतो, सगळा, कडेपासून कडेपर्यंत. त्याच्यावर माणूस यायला जागाच उरत नाही. हौसाबाईच्या मांडीवर रचला गेला होता तो रात्रींचा गठ्ठा होता.

"कोणी सांगितलं का नाही?" पंढरीने हळूच विचारले.

"मी 'नो' म्हणालो," मास्तर म्हणाले. "तीनदा म्हणालो. त्यांना 'नऊ' ऐकू आलं. वाटलं, मी त्यांच्या मोजण्याला मदत करतोय."

पंढरीने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांत टिटवाळ्याची पिठाची गिरणी गरगर फिरू लागली. मग त्याला आठवले: कालच्या सरावातून उरलेला एक कोरा कागद, काळ्या फडक्यात गुंडाळून, त्याने कणगीत भातामध्ये पुरून ठेवला होता. एक कागद. एक निगेटिव्ह. आणि अंगणात हिरवे लुगडे.

"चला," तो म्हणाला, "आत या."

*

खोली दोन माणसांची होती; आत सहा जण शिरले. दार नीट बसत नव्हते म्हणून गोविंदाला बाहेरून पाठ लावून उभे केले. खणाच्या लाल उजेडात सगळे कुंकवात बुडाल्यासारखे दिसू लागले. काळुराम कणगीला चिकटला. हौसाबाईने थाळ्यांकडे बघून विचारले, यात मीठ घातले आहे का, आणि नाही म्हटल्यावर तिला ते बरोबर वाटले नाही. शालू थाळीच्या थेट समोर उभी राहिली. ठमाबाई, पाहुण्यांसमोर दाराबाहेर बसणे शोभत नाही म्हणून, धवला म्हणायला पहिल्यांदाच आत आली आणि कंदिलाला हात जोडून शालूच्या शेजारी टेकली.

पंढरीने भातातून कागद काढला. त्याला चिकटलेला एक दाणा फुंकरीने उडवला. काच, निगेटिव्ह, कागद. खण बाजूला सारला, क्षणभर पांढरा उजेड, त्यात सगळ्यांचे चकित चेहरे, पुन्हा खण. मग त्याने तो कोरा कागद पाण्यात सोडला आणि म्हणाला, "आत्या, म्हण."

ठमाबाईने सुरुवात केली. गावदेवी उठली, गणपती निघाला. कागद पांढराच होता. काळुरामाने घसा साफ केला. फसवणुकीचा त्याला अनुभव होता. मग पांढऱ्या तळाशी एक बारीक काळी रेघ हलली, रुंद झाली आणि दोन्ही टोकांना वळली.

"बाय गं," हौसाबाई म्हणाली. "आदी मिशी आली."

"मानूस कुटं हाय?" काळुरामाने विचारले.

"मागून येतोय."

काळे आधी येते, असा त्या पाण्याचा नियम आहे. मिशीमागून केस आले, केसांखाली भुवया आल्या, भुवयांखाली दोन डोळे उघडले, आणि मग त्या सगळ्या सुट्या वस्तूंना एकत्र धरायला एक चेहरा आला. शालू वाकली. तिने एकदा मिशीकडे पाहिले, एकदा शेजारी उभ्या असलेल्या पंढरीच्या मिशीकडे पाहिले, आणि समाधानाने मान हलवली. मिशी खरी होती.

कडवे संपले. चेहरा नेमका भरला होता. सिडनीमास्तर हलक्या पण स्पष्ट आवाजात म्हणाले, "आमेन."

पंढरीने हात पुढे केला. आणि ठमाबाईने श्वास घेऊन दुसरे कडवे सुरू केले.

पंढरीचा हात थाळीवर थांबला. त्याने आत्याकडे पाहिले. तिचे डोळे मिटलेले होते. पण मिटण्यापूर्वी तिने एकदा डावीकडे पाहिले होते, तिथे मुलगा होता, आणि एकदा उजवीकडे, तिथे मुलगी होती. दोघे समोर होते. देव बोलावून झाले होते. आता थांबणे तिच्या हातात नव्हते.

"मांडव घातला, मांडवाला आंब्याचा टाला," ठमाबाई गात होती.

"आमेन," मास्तर जरा मोठ्याने म्हणाले.

ठमाबाईने डोळे न उघडता हात वर केला, वऱ्हाड अजून वेशीत आहे अशा अर्थाने, आणि मांडवाला तोरण बांधले.

कागदावर संध्याकाळ होऊ लागली. आधी मिठाचा ढीग मळला, मग आकाश. मग सावली गालांवरून चढू लागली. पंढरी पाहत होता. धवला चालू असताना काम मध्येच उरकून मोकळे होणे म्हणजे उंबऱ्यावरच्या देवांना तसेच ठेवून दार लावणे, असे त्याला वाटले. आणि कागद तसाच राहू देणे म्हणजे काय, हे तर त्याला दिसतच होते. तो दोन्ही गोष्टी मानत होता आणि पुढे केलेला हात एकच होता.

"आरं, मास्तर 'आमेन आमेन' कराला लागलाय, त्याचा काय?" काळुरामाने कुजबुजत विचारले. तो आता या सगळ्याला आवर घालणार, असे दिसले. पण त्याच क्षणी ठमाबाईच्या गाण्यात आंबिवलीचे वऱ्हाड आले, आणि वऱ्हाडाच्या पुढे, सगळ्यांच्या आधी, धाकूबाबा आले. धाकूबाबा म्हणजे काळुरामाचे आजोबा, वारून जमाना झालेले. धाकूबाबांना पाट दिला गेला. त्यांचे पाय धुतले गेले. आपला आजोबा मांडवात येऊन बसला असताना मध्येच बोलणार कोण? काळुरामाने टोपी काढली आणि हात जोडले. अंधारात त्याने एकदा नाकही पुसले.

"आमेन," मास्तर आता जवळजवळ गात होते. नकळत त्यांना ठमाबाईचा सूर लागला होता.

शालू पंढरीकडे झुकली आणि अगदी हळू म्हणाली, "ऐका. तुमचा तोंड करपतंय."

"आत्याचं गाणं—"

"गाना त्यांचा हाय. चालू दे. फोटो तुमचा हाय." तिने त्याच्या गोठलेल्या हाताकडे पाहिले, मांडवात बोकडाकडे पाहिले होते तसेच असावे ते पाहणे. "कुटं टाकाचा?"

"मधल्यात. मग तिकडच्यात."

तिने बांगड्या मागे सारल्या, थाळीत हात घातला, कागद धरला, मधल्या पाण्यात बुचकळला आणि हायपोत निजवला. ठमाबाईचा एक शब्द चुकला नाही. देव बसून राहिले. काही झाले नाही. किंवा जे व्हायचे ते झाले, आणि ते कोणाला दिसले नाही.

धवला पुढे बराच चालला. दोन्हीकडचे पूर्वज जेवून उठले तेव्हा ठमाबाईने डोळे उघडले. मग दार उघडायला गेले तर ते उघडेना. गोविंदा बाहेरून टेकल्या टेकल्या झोपला होता, आणि त्याची झोप मिठागरावरची होती, खोल आणि वजनदार. सगळ्यांनी हाका मारल्या; हौसाबाईने एनॅमलच्या झाकणाने दार वाजवले. या गोंधळात फोटोला हायपोत हवा तेवढा वेळ मिळाला, असे सिडनीमास्तरांनी नंतर सांगितले.

*

अंगणात फोटो बादलीत धुतला गेला आणि पाटावर मांडला गेला. सगळे भोवती उभे राहिले.

मिठाचा ढीग राखेचा वाटत होता. आकाशाला ग्रहण लागलेले होते. मध्ये एक काळवंडलेला, दुष्काळातून आल्यासारखा इसम उभा होता, आणि त्याच्या डाव्या गालावर, उन्हाने कोमट झालेल्या पाण्यात कागदाचा मऊ पडलेला थर दाबला गेल्यामुळे, एका अंगठ्याचा ठसा होता, रेघारेघांसकट.

जिथून त्याला टिटवाळ्याची दिशा दिसणार नाही अशा बाजूला तोंड करून पंढरी उभा राहिला.

काळुरामाने फोटो उचलला. पंढरीच्या तोंडाशेजारी धरला. फोटोकडे पाहिले, पंढरीकडे पाहिले, पुन्हा फोटोकडे पाहिले. त्याला वेळ लागत होता.

"हौसा," शेवटी तो म्हणाला, "आतापरयंत जितकं फोटो बगलं, तितक्यांत फोटो बरा आनि मानूस वंगाल. ह्यो पयलाच, ज्याचा फोटो वंगाल आनि मानूस बरा."

"कितीतरी बरा," हौसाबाई म्हणाली.

शालू आपल्या बोटांची टोके उन्हात धरून पाहत होती. डेव्हलपरने ती तपकिरी होऊ लागली होती, सिडनीमास्तरांच्या बोटांसारखी. तिने ती पदराला पुसली. गेली नाहीत. तिला त्याचे वाईट वाटल्यासारखे दिसले नाही.

"बोलनी करू," काळुराम म्हणाला.

"बोलनी कसली?" ठमाबाई पायरीवर बसत म्हणाली. तिचा गळा बसला होता. "तुजा आजा जेवून गेला. अर्दा लगीन झाला. आता फकस्त तांदूल राहिलं."

बाहेरगावच्या माणसाने आपले मत द्यावे की नाही, असा विचार करून सिडनीमास्तर शेवटचे एकदा म्हणाले, "आमेन." या वेळी कोणी हरकत घेतली नाही.

तो फोटो काळुरामाने आंबिवलीला नेला आणि भावकीत दाखवला. गालावरचे हे काय, असे जो तो विचारी, आणि काळुराम कौतुकाने सांगे की पोरीला मुलगा पसंत पडला, म्हणून तिने तिथल्या तिथे अंगठा दिला. हे शालूच्या कानावर गेले तेव्हा तिला राग आला. ती चौथी शिकलेली होती. तिने बापाकडून फोटो मागून घेतला, उलटा केला, आणि पाठीमागे शिसपेन्सिलीने, जोडाक्षरांसकट, आपले पूर्ण नाव लिहिले. त्याखाली, जरा लहान अक्षरात, लिहिले: सही येते. अंगठा फोटो काढताना लागला.